जिन्याखालचा स्विच

९ नोव्हेंबर

उबवणीच्या मशीनमधली सगळी अंडी आज टाकून दिली. परवा दुपारी लाईट गेली ती रात्री जेवणं झाली तरी आली नाही. मी गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, घोंगडी घातली, नवऱ्याचे जुने स्वेटर गुंडाळले. अंड्यांना ते पटलं नाही. फोडून पाहिली तेव्हा आत पिल्लं जवळजवळ पूर्ण झालेली होती, चोची, पिसं, सगळं जागच्या जागी. इतकी वर्षं रक्तपेढीत काढली, असल्या गोष्टींनी मी हलत नाही. तरी आज हात धुऊन झाल्यावरही बराच वेळ नळापाशी उभी होते.

पेढीतली नोकरी सोडून हा उद्योग मांडला त्याला वर्ष होत आलं. मागच्या खोलीत उबवणीचं मशीन, अंगणात खुराडी. दोन खेपा बऱ्या गेल्या, ही तिसरी. नवरा म्हणाला, "अजून एक खेप अशी गेली तर पेढीत परत विचारून बघ." तो रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते. पण तो शांतपणे म्हणाला.

सोलरवाल्याला फोन केला.

१२ नोव्हेंबर

सोलरवाला येऊन गेला. गच्चीवर जाऊन त्याने सूर्य कुठून कुठे जातो ते हाताने हवेत दाखवलं, आमच्या पाण्याच्या टाकीकडे ती त्याची जुनी वैरीण असल्यासारखं बघितलं आणि खाली येऊन चहा घेतला. टाकी हलवावी लागेल, तिची सावली पडते. गच्चीवर पॅनल, जिन्याखाली इन्व्हर्टर आणि बॅटरी. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "नो टेन्शन". लेकीने त्याचं नाव तिथल्या तिथे नोटेन्शन ठेवून टाकलं.

"लाईट गेली तर घराला कळणारसुद्धा नाही," तो म्हणाला.

अप्पा आपल्या खोलीतून ऐकत होते. अप्पा म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी सबस्टेशनवर ऑपरेटर म्हणून केली. त्यांची खोली जिन्याला लागूनच आहे, तिथून घरातलं सगळं ऐकू जातं.

"घराला कळणार नाही म्हणजे?" ते दारात येऊन म्हणाले.

"पापणी लवायच्या आत बॅटरीवर जातं, आजोबा."

"आणि कुणाला सांगतं?"

"सांगतं म्हणजे?"

"लाइन गेली तर कुणाला तरी कळवायला पाहिजे ना."

"मोबाइलवर येतं की! ॲप आहे."

अप्पा आत गेले. नवऱ्याने होकार दिला. इतक्या पटकन देईल असं वाटलं नव्हतं.

१७ नोव्हेंबर

संध्याकाळी लाईट गेली. पुढच्या महिन्यापासून हे प्रकार बंद होणार, म्हणून एकदा लिहून ठेवते.

लाईट गेली की सगळे अप्पांच्या खोलीत. चार्जिंगचा दिवा तिथे असतो, हे कारण. त्या खोलीला खिडकी नाही, नुसता वर एक झरोका, त्यामुळे दिवसाउजेडीही तिथे दिवा लागतो. अप्पा चष्मा चढवतात आणि सबस्टेशनला फोन लावतात. तिथे आता त्यांच्या हाताखाली तयार झालेला माणूस मुख्य आहे. "कोणती लाइन, कोणता फीडर? तार तुटली का नुसतीच पडली? माणूस निघाला?" फोन ठेवतात, डोळे मिटून जरा हिशेब करतात आणि सांगतात, "चाळीस मिनिटं." स्वतःच जाऊन आणणार असल्यासारखं सांगतात. आणि बहुतेक वेळा तेवढीच लागतात.

तोवर लेक त्यांच्या पलंगावर आडवी, पाय भिंतीला. नवरा लोखंडी ट्रंकेवर बसून ऑफिसातलं काहीबाही सांगतो. मला एरवी विचारून विचारून सांगत नाही ते. मी उंबऱ्यात. अप्पा मग सबस्टेशनच्या यार्डात शिरलेल्या माकडाची गोष्ट काढतात. ती मी इतक्यांदा ऐकली आहे की माकड पुढे काय करणार हे मला माकडाच्या आधी ठाऊक असतं. तरी लेक दर वेळी विचारते, "मग आजोबा, तुम्ही काय केलंत?" आणि अप्पा दर वेळी थोडं जास्त शूर होतात.

सांगितलेल्या वेळेला लाईट आली. सगळे उठून आपापल्या खोलीत गेले. अप्पांनी दिवा बंद केला. चार माणसांचा किती वेळ यात फुकट जातो, ते माझ्या लक्षात आलं. तो आता वाचेल.

२ डिसेंबर

तीन दिवस घरात नुसता ठोकाठोकीचा आवाज. टाकी हलली, पॅनल चढले. जिन्याखाली इन्व्हर्टर, बॅटरी आणि एक नवी पेटी. पेटीत दोन स्विच महत्त्वाचे: डावा खोल्यांचा, उजवा मागच्या खोलीचा, म्हणजे माझं मशीन आणि पाण्याचा पंप. पेटी अप्पांच्या दारापासून दोन पावलांवर आहे.

अप्पा खुर्ची घेऊन समोरच बसले होते. नोटेन्शन गच्चीवर तारा जोडायला निघाला तेव्हा म्हणाले, "थांब. परमिट घेतलंस?"

"कसलं परमिट, आजोबा?"

"लाइनवर माणूस जाणार. कोण जाणार, कशासाठी, किती वेळ, हे ऑपरेटरला सांगायचं. ऑपरेटर लाइन सोडणार, म्हणजे बंद करणार, पाटी लावणार, मग माणूस वर."

त्यांनी ट्रंक उघडून लाल पत्र्याची एक पाटी काढली. तिला वरून तारेचा आकडा. पाटीवर लिहिलेलं: 'माणूस लाइनवर आहे. स्विच लावू नये.' निवृत्त होताना लोक घड्याळ आणतात, अप्पांनी ही आणली. मेन स्विच पाडून त्यांनी पाटी त्यावर अडकवली आणि पहारा देत बसले. नवऱ्याला ओशाळल्यासारखं झालं. नोटेन्शन वरून आल्यावर पाटी काढायला गेला तर अप्पांनी त्याचा हात धरला. "पाटी ज्याने लावली त्यानेच काढायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही. माणसं मेलीत अशाने."

नोटेन्शन हसला, पण हात मागे घेतला.

५ डिसेंबर

सुरू झालं. नोटेन्शनने सगळ्यांना जिन्यापाशी बोलावलं आणि बाहेरची लाईट बंद करून दाखवली. दिवा लुकलुकलासुद्धा नाही. लेकीने टाळ्या वाजवल्या.

"झालं?" अप्पांनी विचारलं.

"झालं ना आजोबा. आता आपण बॅटरीवर आहोत."

"मला काही दिसलं नाही."

"तेच तर!" नोटेन्शन म्हणाला.

मशीन रिकामंच चालू करून ठेवलं आहे. तापमानाचा आकडा स्थिर राहतो का ते आठ-पंधरा दिवस बघायचं, मगच अंडी.

९ डिसेंबर

आज संध्याकाळी आख्ख्या गल्लीची लाईट गेली. आम्हाला मोबाइलवर कळली. नवरा टीव्हीसमोर, लेक कानात इअरफोनची बोंडं घालून तिच्या खोलीत, मी मशीनपाशी. सगळं जिथल्या तिथे चालू.

थोड्या वेळाने अप्पा हातात चार्जिंगचा दिवा घेऊन बाहेरच्या खोलीत आले. दिवा पेटवलेला. वर ट्यूब लख्ख.

"लाईट गेलीय," ते म्हणाले.

"हो का?" नवरा. मान न वळवता.

"मोठा फीडर गेलाय. फोन केला होता मी. तासभर तरी लागेल."

"बरं झालं, आता आपल्याला काही फरक पडत नाही."

अप्पा जरा वेळ तिथेच उभे राहिले. मॅच बघत असतील असं मला वाटलं. मग गेले. जेवायला आले नाहीत, भूक नाही म्हणाले. थंडीत त्यांचं असं होतं.

यंत्रणा चोख आहे. पैसे वाया गेले नाहीत.

१४ डिसेंबर

मी चोख म्हणाले आणि आज माशी शिंकली. जेवणाआधी एकदम सगळ्या खोल्यांत अंधार. खिडकीतून बघितलं तर शेजाऱ्यांकडे लाईट आहे. म्हणजे बिघाड आमच्याच घरात. मी धडपडत मागच्या खोलीत गेले, तर मशीन चालू होतं. त्याची लाइन वेगळी, म्हणून वाचलं. नोटेन्शनला मनातल्या मनात धन्यवाद दिले.

दिवा अप्पांकडे, म्हणून सगळे तिथे जमलो.

"लोड झाला असेल," अप्पा म्हणाले. "पेटीला कुणी हात लावू नका. आधी थंड होऊ दे, मग मी बघतो. वीस मिनिटं."

लेक पलंगावर आडवी झाली. माकड आलं. वीस मिनिटांनी अप्पा उठून बाहेर गेले आणि लाईट आली. नवरा म्हणाला, "अजून हातात कसब आहे हं अप्पांच्या." अप्पा आज पोटभर जेवले, वर लेकीच्या ताटातलंही संपवलं.

१७ डिसेंबर

नोटेन्शन आला, मोबाइलवर बोटं फिरवून म्हणाला, "फॉल्ट दिसतच नाही मॅडम." नाही कसा? आमचे गुडघे आपटले ते काय हौसेने? मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. त्याने चार ठिकाणी पेचकस फिरवला आणि गेला.

संध्याकाळी पुन्हा लाईट गेली.

२० डिसेंबर

मशीनचा आकडा एवढ्या दिवसांत हललेला नाही. आज अंडी लावली. पेन्सिलीने प्रत्येकावर खूण केली. तीन आठवडे. या वेळी पिल्लं निघायलाच हवीत. पेढीतल्या मॅडमचा दोनदा निरोप येऊन गेला, जागा अजून भरलेली नाही म्हणे. मला परत जायचं नाही. घरात कुणी विचारलेलं नाही, म्हणून इथे लिहिते: मला अजिबात परत जायचं नाही.

२३ डिसेंबर

परत तेच. मशीन सुरक्षित.

एक गोष्ट ध्यानात आली. ही लाईट सगळे घरी असले की जाते. दुपारी मी एकटी असते तेव्हा कधी गेली नाही. नोटेन्शनला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे लोडच, मॅडम." पटण्यासारखं आहे.

लेक पाणी आणायला अंधारात बाहेर गेली होती, येऊन म्हणाली, "आजोबांनी पेटीला त्यांची लाल पाटी लावलीय." अर्थात लावणार. अंधारात आमच्यापैकी कुणी पेटीत हात घालू नये म्हणून. शिस्त म्हणजे शिस्त.

आज अंधारात नवऱ्याने सांगितलं की ऑफिसात नवा साहेब आला आहे, वयाने धाकटा, आणि तो याला उभं ठेवून बोलतो. केव्हापासून, विचारलं, तर म्हणाला, दिवाळखोरी नाही आलेली, सांगण्यासारखं काय त्यात. अप्पा म्हणाले, "खुर्ची मागून घे. तोंडाने मागितली की मिळते." नवरा हसला. मला हे त्याने आधी का सांगितलं नाही, कळत नाही.

२७ डिसेंबर

काल नणंद अप्पांना आठवडाभरासाठी तिच्याकडे घेऊन गेली. जाताना त्यांनी मला दोनदा बजावलं, पेटीला हात लावू नका.

आज नोटेन्शनने डावा स्विचच बदलला. "जुना पीस खराब असणार."

संध्याकाळी अंडी तपासली. अंधारात अंड्याला खालून टॉर्चचा झोत लावला की आतलं दिसतं. जिवंत असेल तर लाल शिरांचं जाळं आणि मध्ये एक ठिपका. खिडकीला चादर लावली तरी रस्त्यावरचा दिवा आत येतोच, त्यामुळे चित्र धूसर. पण बहुतेकांत जाळं आहे. मी सगळ्यांना खबर दिली. नवरा म्हणाला, "छान." लेकीने खोलीतूनच अंगठा दाखवला.

१ जानेवारी

अप्पा आज रात्री परत आले.

नवा स्विच बसवल्यापासून लाईट एकदाही गेलेली नाही. नोटेन्शनचा पीस खरंच खराब होता तर. मी उगाच त्याला बोलले.

एकच कटकट उरली होती: पंप सुरू झाला की मशीनचा आकडा क्षणभर लुकलुकतो, कारण दोघं एकाच लाइनवर. नोटेन्शनने परवा मशीन तिथून काढून खोल्यांच्या लाइनवर घेतलं. खोल्यांची लाइन आता भरवशाची आहे.

२ जानेवारी

क्रमाने लिहिते.

संध्याकाळी लाईट गेली. नवा स्विच असूनही. मी स्वयंपाकघरात होते. अप्पा आल्यानंतरची पहिलीच संध्याकाळ, लेक "आजोबाऽ" म्हणत थेट त्यांच्याकडे पळाली, नवराही गेला. मीही गेले. मशीनचा विचार मनात आला, पण त्याची लाइन वेगळी आहे हे इतकं डोक्यात बसलेलं की पाय तिकडे वळलेच नाहीत. मीच बदलून घेतलेलं, आणि मीच विसरले.

"पंधरा मिनिटं," अप्पा म्हणाले.

मग लेकीने एकदम सांगितलं की तिला कॉलेज सोडायचंय. घेतलेला विषय तिला जमत नाही, गेल्या वर्षापासून जमत नाही. पलंगावर पाय भिंतीला लावून, छताकडे बघत सांगितलं. उजेडात सांगितलं असतं तर नवऱ्याने आवाज चढवला असता. अंधारात तो नुसता "बरं" म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "मग काय करायचं मनात आहे?" ती बोलत सुटली. मीही बोलले. पंधरा मिनिटं कधीच होऊन गेली होती. मी उठायला लागले तर अप्पा म्हणाले, "बस. अजून थोडा वेळ लागेल." आम्ही बसलो. इतकं आम्ही चौघं कित्येक महिन्यांत बोललो नव्हतो.

मध्येच मला आठवलं.

मशीन काळंठिक्कर. आकडा नाही, पंख्याचा आवाज नाही. अंडी हाताला गार लागली. मागची खोली थंडीत बर्फासारखी असते. मी ओरडले.

"मशीनची लाइन वेगळी आहे," अप्पांचा आवाज आला.

"नाही! ती खोल्यांच्या लाइनवर घेतली."

"कधी?"

"तुम्ही नव्हतात तेव्हा."

मी धावत बाहेर आले. अप्पा पेटीपाशी होते. लेकीने दिवा धरलेला. डाव्या स्विचवर लाल पाटी. अप्पांनी पाटी काढली, स्विच वर केला, आणि सगळं घर उजळलं. पाटी हातात धरून ते तसेच उभे राहिले.

"लाइन मी सोडली होती," ते म्हणाले. "आधीच्या वेळीही मीच. मागची लाइन चालू आहे बघूनच सोडायचो, दर वेळी." आणि मग, "बदललं ते मला कुणी सांगितलं नाही."

मला राग आला आणि तो मी गिळला नाही. माझं वर्ष त्या मशीनमध्ये आहे, तुम्हाला काय खेळ वाटला का, असं म्हणाले. आणखीही म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. लेक रडायला लागली तेव्हा थांबले.

३ जानेवारी

नोटेन्शनला बोलावून मशीन परत वेगळ्या लाइनवर घेतलं, पंप खोल्यांवर टाकला. पेटीला कुलूप लावून घेतलं. किल्ली माझ्या कमरेला.

अंडी लगेच तपासून उपयोग नाही. गारठलेलं आणि मेलेलं सुरुवातीला सारखंच दिसतं. दोन-तीन दिवस ऊब देऊन मग बघायचं.

अप्पांनी दाढी केलेली नाही. लेकीला तेवढं विचारलं, "मशीनचा आकडा किती?" ती म्हणाली, नेहमीचा. बरं म्हणाले.

नवऱ्याला विचारलं, असं का केलं असेल त्यांनी? तो म्हणाला, "वय झालं." मलाही दुसरं काही सुचत नाही. डोकं ताळ्यावर नाही म्हणावं तर पंप कोणत्या लाइनवर आहे हे त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत होतं.

४ जानेवारी

संध्याकाळी मोबाइल वाजला. गल्लीची लाईट गेली, आपण बॅटरीवर. घरात कुणी जागचं हललं नाही.

मी पाण्याचा तांब्या द्यायला अप्पांच्या खोलीकडे गेले. दार अर्धं उघडं. वर दिवा लागलेला. अप्पा पलंगाच्या कडेला बसलेले, मांडीवर तो चार्जिंगचा दिवा, कानाला फोन. "तार तुटली का नुसतीच पडली? ...माणूस निघाला? ...बरं. बरं. हो, घरी सांगतो सगळ्यांना." त्यांनी फोन ठेवला. डोळे मिटले. ओठ हलले, किती मिनिटं ते ठरवत असणार. मग डोळे उघडले आणि पलंगावरच्या, ट्रंकेवरच्या रिकाम्या जागेकडे बघत बसून राहिले.

मी तांब्या दाराशी ठेवून परत आले. फार वाईट वाटलं. मशीनसमोर बसून आकडा बघत राहिले, पण आकडा काय होता ते आता आठवत नाही.

५ जानेवारी

आज अंडी तपासायचा दिवस. मागच्या खोलीत रस्त्याचा दिवा आत येतो, आणि आज मला धूसर बघायचं नव्हतं. घरात खरा काळोख होतो अशी एकच खोली आहे.

संध्याकाळी नवरा आल्यावर अप्पांच्या दारात गेले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"अप्पा, मला खोल्यांची लाइन बंद करून हवी आहे."

ते वळले नाहीत. "किल्ली तुझ्याकडे आहे."

"लाइन ऑपरेटरने सोडायची असते ना?"

ते उठून बसले, चष्मा शोधला, चढवला. "कोण मागतंय?"

"मी."

"कशासाठी?"

"अंडी तपासायला. तुमच्या खोलीत."

"मागची लाइन?"

"मशीन परत वेगळ्यावर आहे, उजव्या स्विचवर. पंप तिथून काढून डाव्यावर घेतलाय. डावा स्विच तेवढा नवा आहे, बाकी काही बदललेलं नाही. बदलायच्या आधी सांगायला हवं होतं. यापुढे सांगेन."

"पंप डाव्यावर," त्यांनी शब्द न शब्द परत म्हटला. "मशीन उजव्यावर. किती वेळ?"

"लागेल तेवढा."

"असं परमिट नसतं," ते म्हणाले, पण उठले.

किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी कुलूप काढलं, उजव्या स्विचला हाताची उलटी बाजू लावून बघितली, लेकीला मागे पाठवून मशीन चालू असल्याचं ओरडून सांगायला लावलं, मग डावा पाडला आणि पाटी अडकवली. घर अंधारलं. किल्ली त्यांनी खिशात टाकली. मी ती मागितली नाही.

लेक आणि नवऱ्याने अंडी थोडी थोडी करून टोपलीत, उबदार कापडाखाली आणली. अप्पा पलंगावर, लेक त्यांच्या शेजारी, नवरा ट्रंकेवर. मी जमिनीवर बसले. पहिल्या अंड्याला झोत लावला. काहीच नाही. नुसता गढूळ, काळपट गोळा. बाजूला ठेवलं. दुसरंही तसंच. अप्पांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

तिसऱ्यात शिरा होत्या. लाल, स्पष्ट, इतक्या स्पष्ट मी कधीच पाहिल्या नव्हत्या. मध्ये मोठी काळी सावली. मी हात स्थिर ठेवला. सावली हलली.

"हललं!" लेक ओरडली. "आजोबा, बघितलंत?"

"बघितलं," अप्पा म्हणाले.

सगळी वाचली नाहीत. बाजूची रास वाढत गेली आणि मला एकेकाचं वाईट वाटलं. पण हलणारी त्याहून जास्त होती. प्रत्येकाला लेक "हललं" म्हणत होती, शेवटी शेवटी नवराही म्हणायला लागला. जगलेली सगळी मशीनमध्ये परत ठेवून आले. पेढीतल्या मॅडमना उद्या नाही म्हणून कळवीन.

परत आले तेव्हा तिघंही अंधारात तसेच बसले होते. काम संपलं होतं. पाटी काढायला हवी होती, पण ती ज्याने लावली त्यानेच काढायची. मी उंबऱ्यात माझ्या जागी बसले.

"अप्पा," मी विचारलं, "लाईट कधी येईल?"

त्यांनी डोळे मिटले असावेत. जरा वेळ हिशेब केला.

"चाळीस मिनिटं," ते म्हणाले.

लेकीने पाय भिंतीला लावले. "मग आजोबा, ते माकड?"